पंधरा किलोचा रूळ आणि लोखंडी स्लीपर : ठाण्यातल्या एका टॉय ट्रेनच्या मार्गाचं प्रकरण

ठाणे खाडीपासून फार लांब नसलेलं एक उद्यान. त्यात मुलांसाठी 610 मि.मी. गेजची, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर असलेली टॉय ट्रेन. मार्ग लांबट गोल : 57 मीटरच्या दोन सरळ बाजू आणि 20 मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं, एकूण 240 मीटर. इंजिन 2.4 टनाचं, चार चाकांवर, म्हणजे चाकागणिक 600 किलो. डबे त्याहून हलके. वेगमर्यादा ताशी 8 कि.मी. उद्यानाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. असे मार्ग जिथे जिथे फॅब्रिकेटरकडून बांधून घेतले जातात तिथे हेच दोष दिसतात, म्हणून हे प्रकरण प्रातिनिधिक समजावं.

610 मि.मी. म्हणजे नेरळ–माथेरानचंच गेज. पण 1907 साली सुरू झालेल्या त्या घाटमार्गाशी साम्य तेवढ्यापुरतंच. इथे चढ नाही, वेग नाही, वजनही नाही. तरी मार्ग बिघडला, आणि बिघाडाचं खापर आधी रुळावर फोडलं गेलं : ‘रूळ हलका पडला, जाड घाला.’

ते खरं नव्हतं. रूळ होता 30 पौंडी, म्हणजे मीटरला 14.88 किलो. उंची आणि पायाची रुंदी दोन्ही 79.4 मि.मी., डोकं 42.9 मि.मी. 600 किलोच्या चाकाला धक्क्यापोटी दीडपट धरून 900 किलो घेतले, आणि 600 मि.मी. अंतरावरच्या दोन स्लीपरांमध्ये (रुळांखालच्या आडव्या आधारांमध्ये) रूळ नुसता टेकलाय असं सर्वांत वाईट गृहीत धरलं, तरी रुळातला ताण चौ.सें.मी.ला 360 किलोच्या आत राहतो. रुळाच्या पोलादाला हे काहीच नाही.

मग बिघडलं काय?

जुन्या मार्गाचे स्लीपर 50×50×6 च्या अँगलचे होते, 900 मि.मी. अंतरावर. अँगलची एक बाजू वर आडवी, दुसरी खडीत खाली उभी. रुळाचा पाया दोन्ही कडांनी थेट अँगलला वेल्ड केलेला, आणि रुळांचे सांधेही वेल्डनेच जोडून 240 मीटरचा अखंड गोल केलेला. दोन रुळांची टोकं बोल्टने जोडणारी पट्टी, म्हणजे फिशप्लेट, एकही नाही. करताना काम झटपट झालं असणार. पहिल्या उन्हाळ्यात वळणं बाहेर सरकली, दुसऱ्या पावसाळ्यानंतर वेल्ड सुटू लागले आणि चाक रुळावर चढायच्या बेतात आलं.

कारणं तीन, आणि तिघांनी एकमेकांना हात दिला.

पहिलं, ऊन. पोलाद दर मीटरला दर अंशामागे 0.012 मि.मी. वाढतं. बसवताना रूळ 30 अंशाला असेल आणि मे महिन्याच्या दुपारी 60 ला गेला, तर वाढू न दिलेल्या एका रुळात सुमारे 13.9 टनांचा दाब साठतो. दोन रुळांचा मिळून जवळपास 28 टन. सरळ भागात तो दबून राहतो, पण 20 मीटरच्या वळणावर तोच दाब मार्गाला बाहेर ढकलतो. किती? दाब भागिले त्रिज्या, म्हणजे मीटरला जवळजवळ 1.4 टन. 50 मि.मी. रुंद अँगल आणि त्याभोवतीची विरळ खडी हा रेटा धरूच शकत नाही. मोकळ्या सुटलेल्या वळणाची त्रिज्या एका दुपारी सुमारे 7 मि.मी.ने वाढते. रात्री ती पूर्ण परत येत नाही, कारण मधल्या काळात खडी मागच्या पोकळीत घसरलेली असते. रोज मिलिमीटरचा अंश जरी उरला तरी महिन्यात फरक डोळ्यांना दिसतो.

रेल्वेच्या मुख्य मार्गावर लांब वेल्ड केलेले रूळ सर्रास चालतात, मग इथे का नाही, हा प्रश्न हमखास येतो. तिथे स्लीपर जड असतात, खडीचे खांदे भरलेले असतात, रूळ ठरावीक तापमानालाच जखडतात, आणि अशा तीव्र वळणावर ते अखंड ठेवत नाहीत. यातलं एकही इथे नव्हतं.

दुसरं, वेल्ड. रुळाच्या पोलादात कार्बन जास्त असतो. आधी न तापवता (प्रीहीट न करता) साध्या रॉडने टाका मारला की टाक्याच्या कडेचा पट्टा झपाट्याने थंड होतो आणि काचेसारखा ठिसूळ बनतो. तडा टाक्यात नव्हे, टाक्याला लागून पायाच्या कडेतून जातो. वरून पुन्हा वेल्ड मारला तर आणखी थोडा पट्टा ठिसूळ होतो, एवढंच. जुन्या मार्गावर एकाच जागी तीन-तीन थर दिसत होते.

तिसरं, अँगलचा आकार. चाकाचा भार आडव्या बाजूच्या मधोमध येतो, आधार मात्र उभ्या बाजूच्या रेषेत असतो. त्यामुळे प्रत्येक चाकाखाली अँगल थोडा पिळतो. वेल्ड पीळ सहन करत नाही. शिवाय टेकण्याची रुंदी फक्त 50 मि.मी., म्हणून खडी खचून खाली भरावात शिरते. खाडीकाठी तो भराव म्हणजे वर मुरूम आणि खाली चिखलमाती. ठाण्याच्या पावसात तिथे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

नव्या स्लीपरसाठी ISMC 100 हे पन्हळीच्या आकाराचं पोलादी चॅनल घेतलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ते ‘शंभराचा चॅनल’ म्हणूनच मागायचं : 100×50, मीटरला 9.56 किलो. ते पालथं ठेवलं, सपाट पाठ वर आणि दोन्ही पंख खाली खडीत. रेल्वेचे जुने पन्हळी लोखंडी स्लीपरही असेच पालथे असत, आणि त्यांची टोकं दाबून फावड्यासारखी खाली वळवलेली असत, मार्ग आडवा सरकू नये म्हणून. चॅनलची टोकं दाबणं लहान वर्कशॉपला जमत नाही. म्हणून प्रत्येक टोकाला 6 मि.मी. जाडीची 100×90 ची प्लेट वेल्ड केली, जी पंखांच्या खाली 40 मि.मी. उतरते. वळणावरचा रेटा आता ही प्लेट आणि चॅनलच्या पोटात अडकलेली खडी घेते.

लांबी 1,050 मि.मी. रुळांच्या मध्यरेषांमधलं अंतर 653 मि.मी., म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे 198 मि.मी. बाहेर. एका रुळाच्या बैठकीवर (स्लीपरवर रूळ टेकतो त्या जागी) चाकाच्या 900 किलोपैकी साठ टक्के, म्हणजे 540 किलो येतात असं धरलं. बाकीचे शेजारचे स्लीपर घेतात. 397×100 मि.मी. क्षेत्रावर खडीवरचा दाब चौ.सें.मी.ला 1.36 किलो. 150 मि.मी. खडीतून पसरत खाली जाईपर्यंत तो 0.4 किलो होतो. चिखलमातीवरच्या मुरमाला हे चालतं.

आता चॅनलमधला ताण. रुळाखाली तो 360 किलो प्रति चौ.सें.मी. पोलाद 2,550 ला वाकतं, म्हणजे प्रश्नच नाही. पण हेच गणित स्लीपर फक्त मधल्या भागावर टेकलाय असं धरून केलं, की पंखांच्या टोकाशी ताण 1,630 वर जातो, साडेचार पट. टोकं लोंबकळतात आणि स्लीपर पाठीवरून कमानीसारखा वाकतो. डिझाइनचा खरा कस इथे लागतो, आणि तो कागदावर नसून पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून भरण्याचं काम, करणाऱ्या गँगच्या हातात असतो. यातून दोन नियम निघाले. एक : मधली 250 मि.मी. खडी कधीही ठोकायची नाही, ती सैलच राहिली पाहिजे. दोन : पंखांच्या खालच्या कडेला एकही भोक नको, एकही टाका नको. सगळं जोडकाम वरच्या पाठीवर. पाठ चॅनलच्या तटस्थ अक्षाला (वाकताना जिथे ताण शून्य असतो त्या रेषेला) जवळ असल्यामुळे त्याच वाईट स्थितीतही तिथे ताण 720 च्या आसपास राहतो.

रूळ पकडण्याची रचना ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. रेल्वेची लवचीक क्लिप आणून लावा, ही सूचना आली. ती क्लिप 52 आणि 60 किलोच्या रुळांच्या पायासाठी घडवलेली असते. 15 किलोच्या पायाची जाडी वेगळी, उतार वेगळा, आणि टनाच्या घरातला तिचा दाब प्रत्येक बैठकीवर नको होता. दुसरा पर्याय जुन्या पद्धतीची पाचर, म्हणजे चावी. चावी छान धरते, पण रोज हातोडा घेऊन फिरणारा चावीवाला असेल तरच. उद्यानात तो नसतो.

शेवटी बाहेरून आकडा (हूक), आतून क्लिप असं ठरलं.

बाहेरच्या बाजूला 12 मि.मी. प्लेटमधून प्लाझ्मावर कापलेले दोन आकडे प्रत्येक बैठकीवर, एकमेकांपासून 30 मि.मी.वर, 6 मि.मी. फिलेटने (कोपऱ्यातल्या टाक्याने) वेल्ड केलेले. वेल्ड साध्या पोलादाचा साध्या पोलादाला. रुळाला टाका नाहीच. रूळ आतून सरकवत आकड्याच्या जबड्याखाली घालायचा. वळणावर चाक रुळाला बाहेर रेटतं, तो रेटा आकडा घेतो, बोल्टवर आडवा भार येत नाही. दोन्ही बाजूंच्या आकड्यांच्या आतल्या तोंडांमधलं अंतर 733 मि.मी. हिशोब असा : 610 चं गेज, प्रत्येक बाजूला डोक्याच्या आतल्या कडेपासून पायाच्या बाहेरच्या कडेपर्यंत 61.1, आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळीक. वळणावरच्या स्लीपरांना हेच अंतर 738, कारण तिथे गेज 5 मि.मी. सैल हवं. एकूण 400 स्लीपरांपैकी 210 वळणाचे. त्यांच्या पाठीवर ‘व’ असा ठसा मारला. हा ठसा वेल्डिंगच्या आधी मारावा. गॅल्व्हनाइझ झाल्यावर पाच मिलिमीटरचा फरक ढिगात कुणाच्याच लक्षात येत नाही.

आतल्या बाजूची क्लिप म्हणजे 50×10 च्या पट्टीचा 60 मि.मी. तुकडा. नाकाची, म्हणजे रुळाच्या पायावर टेकणाऱ्या टोकाची, खालची बाजू पायाच्या उतारानुसार ग्राइंड केलेली, टाचेखाली, म्हणजे स्लीपरकडच्या टोकाखाली, चौकोनी सळीचा तुकडा. टाचेची उंची = पायाच्या कडेची जाडी + रुळाखालचं 5 मि.मी. रबर. ही कडेची जाडी तक्त्यातून घेऊ नये. आलेल्या रुळांवर किमान वीस ठिकाणी कॅलिपर लावून घ्यावी, कारण जुन्या, गंजलेल्या रुळात ती एकाच नगात बदलते.

बोल्ट एम12, 8.8 ग्रेड, हातोडीसारख्या आडव्या डोक्याचा. साधा षटकोनी बोल्ट इथे निकामी : डोकं चॅनलच्या पोटात, खडीत गाडलेलं, त्याला पाना लावणार कसा? म्हणून चॅनलच्या पाठीत स्लीपरच्या लांबीच्या दिशेने 14×32 चं लांबट भोक. बोल्ट वरून आत सोडायचा, पाव फेरा फिरवायचा, की डोकं आडवं अडकतं. आत दोन बारीक सळ्यांचे तुकडे छोट्या टाक्याने चिकटवलेले (टॅक केलेले) असतात, ते डोकं पुढे फिरू देत नाहीत. बोल्टच्या वरच्या टोकाला डोक्याच्या दिशेने हॅकसॉची एक चीर घ्यावी. चीर रुळाला समांतर दिसली तर डोकं अडकलंय, आडवी दिसली तर बोल्ट नुसता लोंबतोय. या एका चिरेने तपासणीचा अर्धा वेळ वाचतो.

आवळण 45 न्यूटन-मीटर. बोल्टमध्ये सुमारे 1.9 टन ताण येतो. त्यातला साठेक टक्के नाकावर जावा म्हणून भोक नाकापासून 18 आणि टाचेपासून 27 मि.मी.वर.

आणि रूळ श्वास कुठे घेणार? रूळ 6 मीटरचे, सांधे फिशप्लेटचे. 15 ते 60 अंशांत 6 मीटरचा रूळ 3.2 मि.मी. हलतो. प्रत्येक रुळाखाली दहा स्लीपर. मधल्या चारांवर क्लिप घट्ट. दोन्ही टोकांकडच्या तीन-तीनांवर टाच अर्ध्या मिलिमीटरने उंच केलेली, म्हणजे बोल्ट पूर्ण आवळला तरी नाक पायाला फक्त उठू देत नाही, दाबत नाही. रेल्वे गर्डर पुलांवर रूळ मोकळा सोडणारी जोडणी वापरते, कल्पना तीच. दोन्ही क्लिपा दिसायला सारख्या, म्हणून सैल क्लिपांना पिवळा रंग. सांध्यातली फट बसवतानाच्या रुळाच्या तापमानावर : 25 अंशाला 2.5 मि.मी., 35 ला 1.8, 45 ला 1.1. हवेचं नव्हे, रुळाचं तापमान. दुपारी दोनला काम करायचं आणि फट सकाळच्या हिशोबाने ठेवायची, हा नेहमीचा घोळ.

सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्लीपर एकमेकांपासून 450 मि.मी.वर, बाकीचे सुमारे 617 वर. वळणावर आतला रूळ बाहेरच्यापेक्षा आखूड लागतो. बाहेरच्या 6 मीटरमागे 193 मि.मी. कापून 5.807 मीटर ठेवला नाही, तर तिसऱ्या-चौथ्या सांध्यापर्यंत आतला सांधा बाहेरच्या समोर न येता भलत्याच स्लीपरवर येतो आणि 450 ची सगळी मांडणी फुकट जाते.

वर्कशॉप वागळे इस्टेटच्या धर्तीचं, लहान : एक बँडसॉ, दोन मिग वेल्डिंग मशिन, एक रेडियल ड्रिल. आधी फक्त बारा स्लीपर करून पाहिले, आणि बरं झालं.

आकडे पाठीवर, म्हणजे एकाच बाजूला वेल्ड होतात. टाका थंड होताना आक्रसतो आणि स्लीपरची टोकं वर उचलली जातात. बारापैकी सरळ असे फार थोडे. उपाय : जिगवर (काम पक्कं धरून ठेवणाऱ्या साच्यावर) चॅनल मधोमध 2 मि.मी. पाचर देऊन उलट्या दिशेने वाकवूनच बांधायचं, आणि एका बैठकीचा एक आकडा, मग दुसऱ्या टोकाचा एक, असे आलटून-पालटून टाके घ्यायचे. जिगमध्ये खऱ्या रुळाचे दोन तुकडे बसवून आकडे त्यांनाच टेकवून वेल्ड केले, तर 733 वेगळं मोजावं लागत नाही. मात्र रूळ आणि आकडा यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची शिम (पातळ पत्रा) ठेवायची आणि टाका थंड झाल्यावरच जिग सोडायची.

दुसरा घोळ जस्ताचा. खाडीच्या खारट हवेत नुसता रंग टिकत नाही, म्हणून गरम जस्तात बुडवलेलं गॅल्व्हनाइझिंग, 5 मि.मी. आणि त्याहून जाड लोखंडाला चौ.मीटरला 610 ग्रॅम, म्हणजे साधारण 85 मायक्रॉन. बुडवताना टोकाच्या प्लेटच्या आतल्या कोपऱ्यांत जस्त साचलं आणि राख चिकटली, कारण कोपरे बंद होते. तिथे 12 मि.मी.चा कोपरा छाटल्यावर जस्त निथळलं. आकड्यांच्या जबड्यातही थेंब गोठले आणि रूळ आत शिरेना. मग जबडा मुळातच 0.3 मि.मी. सैल कापला. कानसीने घासून बसवायचा मोह टाळावा : घासलेल्या जागी जस्त जातं, आणि ओल साचणारी जागा नेमकी तीच. नटांचे आटे जस्तानंतर थोडे मोठे टॅप केलेले लागतात. साधे नट चढत नाहीत, आणि जबरदस्तीने चढवले तर 45 ची आवळण पान्यावर दिसते पण बोल्टमध्ये येत नाही.

रबराच्या जागी कन्व्हेअर बेल्टचे तुकडे स्वस्त पडतात, सर्रास वापरलेही जातात. कापलेल्या कडेतून त्यातलं कापड पाणी शोषतं आणि रुळाच्या तळाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं. इथे 5 मि.मी. खोबणीदार रबर घेतलं.

वाकवण्याचं काम तीन रोलरच्या मशिनवर. 20 मीटर त्रिज्येसाठी रुळाला ताणून धरलेल्या 1.5 मीटरच्या दोरीत मधोमध 14 मि.मी. उंची यायला हवी. मशिनमधून रुळाची शेवटची वीत सरळच राहते, आणि सांध्यावर वळणाऐवजी कोन पडतो. टोकं जिम क्रो (रूळ वाकवायचं स्क्रूचं हत्यार) लावून हाताने वाकवावी लागली. हे टाळलं तर प्रत्येक सांध्यावर चाक तिथेच आपटतं आणि पहिला सैल होतो तो तिथलाच बोल्ट. वळणावर बाहेरचा रूळ 10 मि.मी. उंच. ताशी 8 ला हिशोबाने 16 हवा, पण गाडी बहुतेक वेळ ताशी 5 ला चालते, त्याला 6 पुरे, म्हणून मधली उंची.

मांडणीत पालथ्या चॅनलची एक खोड आहे : पोट रिकामं राहतं. नुसता खडीवर ठेवून बाजूने ठोकला तर पोटात हवा, आणि आठवड्यात मार्ग दोन बोटं बसतो. आधी रुळाच्या रेषेखाली 20 मि.मी. खडीचा उंचवटा करायचा, स्लीपर त्यावर दाबून बसवायचा, भरलेली ट्रॉली दहा-बारा वेळा फिरवायची, मग उचलून रुळाच्या दोन्ही बाजूंना 200-200 मि.मी. पॅक करायचा. टोकाच्या प्लेटमुळे टोकाकडून पॅकिंग होत नाही, बाजूनेच करावं लागतं. गँगला हे सांगून भागत नाही. मधल्या 250 मि.मी.वर स्लीपरच्या पाठीला लाल पट्टा मारला, तेव्हा मधलं ठोकणं थांबलं.

तपासणी थोडक्यात : पहिल्या आठवड्यानंतर सगळे 800 बोल्ट पुन्हा 45 ला, मग महिन्याला दहात एक. पावसाळ्याआधी आणि नंतर गेज दर तिसऱ्या स्लीपरवर. मे महिन्यात भर दुपारी सांध्यांच्या फटी. रूळ 60 अंशाला पोचेपर्यंत कुठलीच फट पूर्ण मिटलेली दिसू नये. ओळीने दोन-तीन मिटलेल्या दिसल्या तर रूळ एका बाजूला सरकतोय, आणि बहुतेक वेळा कारण स्टेशनजवळचं ब्रेकिंग असतं.

एक जागा मात्र वेगळी हाताळावी लागली : जिथे पायवाट मार्ग ओलांडते. तिथे पेव्हर ब्लॉक रुळाच्या डोक्याबरोबरीने बसवायचे होते, म्हणजे क्लिपा आणि बोल्ट गाडले जाणार, पाणी साचणार. त्या चार मीटरमधल्या सात स्लीपरांवर सगळ्या क्लिपा घट्ट जातीच्या, नट आत नायलॉनचं कडं असलेले, म्हणजे आपोआप न सुटणारे, आणि त्या टप्प्यात सांधा येणार नाही अशी रुळांची मांडणी दोन मीटर पुढे ढकलली. पेव्हरच्या आतल्या कडेला चाकाच्या फ्लँजसाठी (बाहेर आलेल्या कडेसाठी) 45 मि.मी.ची खाच ठेवली. मुलांचे पाय लहान असतात, म्हणून खाच त्याहून रुंद केली नाही, आणि तिच्यात पाणी साचू नये म्हणून खाली मीटरमीटरवर 25 मि.मी.चे पाइप खडीत सोडले.